मुकादमाचा मालक

“ह्या खुर्च्या माणसांसाठी केल्यात की कुत्र्यांसाठी, ते एकदा कुणीतरी सांगा बाई,” सासूबाई पुटपुटल्या. पुटपुटल्या म्हणजे सुनेच्या कानापासून वीतभर अंतरावर, आणि फक्त तिलाच ऐकू जाईल अशा बेतानं. “पाठीला मधोमध भोक पाडलंय मेल्यांनी. शेपटी बाहेर काढायला असेल.”

सून हसली नाही. सासूबाईंची जीभ तिखट होती, पण तिखटालाही चव असते हे ती इतक्या वर्षांत शिकली होती, आणि एरवी तिनं ओठ दाबून का होईना हसून घेतलं असतं. आज तिला भांडायचं होतं. भांडायचं माणूस शेजारीच बसलेलं असताना त्याच्या विनोदाला हसणं म्हणजे लढाईआधीच तलवार म्यान करणं.

“फाटक तुम्हीच उघडं टाकलंत,” ती समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली.

“मी? अगं, त्या फाटकाची कडी माझ्यानं निघते का? एका हातानं फाटक वर उचला, गुडघ्यानं ढकला, मग ती कडी उपकार केल्यासारखी सरकते. माझे गुडघे तसले राहिलेत का? तूच गेली होतीस काल सकाळी कापडाचा गठ्ठा घेऊन. तुझं लक्ष असतं कुठं!”

“मी कडी लावून गेले होते.”

“हो, तू कधी चुकतेस? चुकायला ह्या घरात मी एकटीच आहे.”

समोरच्या भिंतीवर एक मोठं चित्र लावलं होतं. त्यात एक कुत्रा हसत होता आणि खाली लिहिलं होतं, ‘एक टोचणी, आयुष्यभराची ओळख’. जनावरांचा दवाखाना पुढच्या अंगाला आणि हरवलेल्या जनावरांना ठेवायची जागा मागच्या अंगाला, अशी ती इमारत होती. मधल्या दाराची फट उघडली की फिनेलचा वास आणि दहा-वीस कुत्र्यांचा आक्रोश एकदमच बाहेर यायचा, आणि दार लागलं की दोन्ही कापल्यासारखे थांबायचे. सून प्रत्येक वेळी कान टवकारत होती. मुकादमाचा आवाज त्यात होता की नव्हता, कळत नव्हतं. मुकादम मुळात भुंकणाऱ्यातला नव्हताच.

मुकादम हे कुत्र्याचं नाव. सून घरी पडदे शिवायची. लोकांच्या खिडक्यांची मापं घ्यायची, पुढच्या खोलीत मशीन चालवायची, आणि हा पिल्लू असल्यापासून मशीनशेजारी हनुवटी टेकून तिच्या हातांकडे बघत राहायचा. स्वतः काडीचं काम करायचं नाही, पण दुसऱ्याचा हात थांबला की मान वर करून नाराजीनं बघायचं. “हा तर आपला मुकादम,” नवरा म्हणाला होता, आणि तेच नाव पडलं.

नवऱ्यानंच त्याला आणलं होतं. त्यानंच इथं आणून मानेच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप टोचून घेतली होती, आणि स्वतःचं नाव नि स्वतःचा नंबर नोंदवला होता. घरी येऊन छाती फुगवून सांगितलं होतं, “आता हा जगाच्या पाठीवर कुठंही हरवू दे. यंत्र फिरवलं की फोन मलाच येणार.” सासूबाईंनी त्या दिवशी लेकाची दृष्ट काढायची तेवढी बाकी ठेवली होती. जसं काही यंत्राचा शोध त्यानंच लावला!

आणि मग मागच्या उन्हाळ्यात तो स्वतःच गेला.

गेला म्हणजे कुठं, हे घरात कुणी बोलत नव्हतं. शेजारणीनं पहिल्यांदा विचारलं तेव्हा सून म्हणून गेली, “बाहेरगावी असतात, कामाला.” भिंतीपलीकडून सासूबाईंनी ते ऐकलं असावं, कारण दुसऱ्याच दिवशी त्यांनी दूधवाल्याला तेच सांगितलं, आणि वर लेकाला बढतीही देऊन टाकली. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मूठ जगासमोर झाकायची असते. ह्या दोघींनी ती एकमेकींसमोरही उघडली नाही. जेवताना सासूबाई म्हणायच्या, “त्याला सुट्टी मिळत नसेल.” सून म्हणायची, “नसेल मिळत.” आणि भांडी घासायला उठायची. दोघींचाही फोन तो उचलत नव्हता. उचलत नाही हे दोघींना ठाऊक होतं, आणि दुसरीला ठाऊक आहे हेही ठाऊक होतं.

“पुढचं कोण?” काउंटरवरून आवाज आला.

काउंटरवाली सुनेच्याच वयाची होती. चष्मा कपाळावर, हातावर ओरखडे, आणि चेहरा असा की सकाळपासून तिनं माणसंच माणसं बघितली असावीत आणि त्यापेक्षा कुत्री बरी असं तिचं पक्कं झालं असावं.

“तपकिरी कुत्रा. पुढचा डावा पाय पांढरा. मी सकाळी फोन केला होता,” सून उठून काउंटरपाशी येत म्हणाली.

“मालक कोण?”

“मी.”

काउंटरवालीनं चष्मा खाली ओढला. “चिपवर नाव पुरुषाचं आहे.”

“माझे मिस्टर.”

“मग त्यांना पाठवा.”

“ते बाहेरगावी असतात. कामाला.” वाक्य इतकं गुळगुळीत झालं होतं, की विचारायच्या आत जिभेवरून घसरलं.

“असतील. पण मी त्यांना फोन केला तेव्हा त्यांच्या मागं माझ्याच खिडकीबाहेरची मिरवणूक वाजत होती. ती दोन्हीकडून ऐकू येत होती मला.”

 मागच्या खुर्चीवरून प्रश्न आला, घाईचा, जवळजवळ लाडाचा. “उचलला त्यानं?”

काउंटरवालीनं मान वाकडी करून सासूबाईंकडे बघितलं. ठेवणीतली शाल, चापून बसवलेले केस, मांडीवर पिशवी घट्ट धरलेली. सुनेनंही आत्ता कुठं नीट बघितलं. कित्येक महिने फाटकाबाहेर न पडलेल्या बाईनं आज सकाळी ‘मालकांना कळवलंय’ एवढे दोन शब्द ऐकले आणि कंगवा मागितला होता. कुत्र्याला आणायला जाताना कोण शाल पांघरतं?

“उचलला की. पहिल्या रिंगला.”

“काय म्हणाला? येतो म्हणाला?”

काउंटरवाली जराशी थांबली. तिच्या त्या दगडी चेहऱ्याला तेवढं थांबणं शोभत नव्हतं. “म्हणाले, मला नको. ज्याला हवा त्याला देऊन टाका.”

मधलं दार उघडलं, आक्रोश बाहेर आला, दार लागलं.

“तसंच म्हणाला? ह्याच शब्दांत?” सासूबाईंनी विचारलं.

“आजी, मी इथं दिवसाला पन्नास फोन करते. शब्द बदलायला मला वेळ नाही.” मग ती सुनेकडे वळली. “हे बघा. मालकानं सोडला म्हणजे तो आता आमचा. आणि आमच्याकडून जो पहिला मागेल त्याचा. ह्यांनी मागितलाय.” तिनं पेन रोखलं.

कोपऱ्यात एक आडव्या अंगाचा माणूस उभा होता. हातात नवी कोरी साखळी, इतकी जाड की तिनं बैल बांधावा. तो कधीपासून ऐकत होता कोण जाणे. “माझी गोदामं आहेत नाक्यापलीकडे,” तो म्हणाला. “चोऱ्या होतात. राखणीला पाहिजे.”

“राखणीला?” सासूबाई फिसकन हसल्या, आणि त्या हसण्यात हसू नव्हतं. “अहो, तो मांजराला वाट देतो. चोर आला तर दिवा लावून देईल.”

“उपाशी बांधून ठेवला की शिकतात सगळे,” गोदामवाला म्हणाला. वाईट हेतूनं नाही. धान्याच्या पोत्यांविषयी बोलावं तसं म्हणाला. सुनेला साखळी दिसली, गोदामाच्या पत्र्याची सावली दिसली, आणि तिच्या हातांकडे बघायची सवय असलेले ते दोन डोळे दिसले.

“तो आमच्या घरचा आहे! त्याच्या गळ्यात पट्टा होता,” तिचा आवाज चढला. “मी स्वतः शिवलेला. निळ्या पडद्याच्या कापडाचा, त्यावर माझा नंबर दोऱ्यानं काढलाय. तो बघून मला का नाही फोन केलात?”

“पट्टाच नव्हता.”

“असं कसं? काढता येत नाही तो. मागं दुहेरी बटण आहे.”

“ओरडू नका. पट्टा असता तर मी यंत्र फिरवायची तसदी घेतली नसती. नागवा आला तो. म्हणून चिप वाचली, म्हणून तुमच्या मिस्टरांना फोन गेला. आणि नंबर बदलायचा असतो, बाई. माणूस बाहेरगावी गेला तर एक फोन करून सांगायचं असतं. एवढ्या दिवसांत एक फोन झाला नाही तुमच्याच्यानं?”

सुनेकडे उत्तर होतं, पण ते काउंटरवर ठेवण्यासारखं नव्हतं. केला होता तिनं फोन. हिवाळ्यात एकदा, सासूबाई झोपलेल्या बघून. पलीकडच्या मुलीनं गोड आवाजात विचारलं होतं, “मालक बदलायचं कारण? विकला, बक्षीस दिला, की मालक वारले?” तिनं तिन्हींवर विचार केला होता. वारले म्हणायचा मोहही क्षणभर झाला होता, खोटं का बोला. मग काही न बोलता तिनं फोन ठेवून दिला होता.

“पाणी,” मागून सासूबाई म्हणाल्या.

त्यांचा चेहरा उतरला होता. नुसता उतरला नव्हता, चापून बसवलेल्या केसांखाली तो एकदम कुणा दुसऱ्याच बाईचा वाटत होता. सुनेनं मागं वळून त्यांच्या मांडीवरची पिशवी ओढली. बाटली काढायला हात घातला तर वरच डबा लागला. अजून कोमट होता. कुत्र्याला असेल, तिच्या मनात आलं, आणि लगेच आलं की कुत्र्यासाठी ह्या बाईनं जन्मात स्टीलचा डबा भरला नसता. डबा कुणासाठी भरला होता ते कळायला अक्कल लागत नव्हती. तिनं तो बाजूला केला. खाली बाटली होती, आणि बाटलीला गुंडाळलेलं निळं कापड.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण तिनं शंभरदा ऐकली होती. आज कळसा हातातच आला. दुहेरी बटण नीट काढलेलं होतं, कुठं फाटलेलं नव्हतं. तिच्याच हातचे आकडे तिच्याकडे बघत होते.

“आई,” ती म्हणाली. तिनं आवाज वर नेला नाही. उलट तो इतका खाली गेला की तिलाच त्याची भीती वाटली. “हे काय आहे?”

सासूबाईंनी बाटली घेतली, दोन घोट घेतले, तोंड पुसलं. “दिसत नाही का? पट्टा.”

“तुम्ही काढलात.”

“मग?”

“गुडघे दुखतात म्हणालात. फाटक उचलवत नाही म्हणालात. मी कालपासून मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होते, की कडी माझ्याकडूनच राहिली. रस्त्यारस्त्यानं हाका मारत फिरले. आणि तुम्ही खिडकीत बसून बघत होतात?”

“बघत कशाला बसू? मीही वाट बघत होते.”

“कुणाची?”

सासूबाईंनी बाटलीचं झाकण फिरवून घट्ट लावलं.

“गाडीखाली आला असता तर?”

“आला नाही ना!”

“आला असता तर?”

“तर त्याचाही फोन त्यालाच गेला असता!” सासूबाईंचा आवाज एकदम फाटला. कोपऱ्यातल्या गोदामवाल्यानं साखळी ह्या हातातून त्या हातात घेतली. “त्याचंच वाक्य आहे, माझं नाही. कुठंही हरवू दे, फोन मलाच येणार. आपला फोन उचलत नाही तो. माझा उचलत नाही. म्हटलं, परक्याचा तरी उचलेल. एकदा इथं येईल. समोर आल्यावर आईला तर नाही ना हाकलणार.”

सुनेच्या अंगाचा तिळपापड झाला होता. तिला तो पट्टा ह्या म्हातारीच्या अंगावर भिरकवावासा वाटला, आणि तो डबाही. “तुम्हाला लेक हवा होता म्हणून माझं कुत्रं रस्त्यावर सोडलंत. मुक्या जनावराला गळाला लावलंत.”

“तुझं कुत्रं? तुझं होतं तर नंबर का नाही बदललास? मोठी साव! तुलाही वाटतच होतं ना, कधीतरी त्याला फोन जावा? मी फाटक उघडलं, तू नंबर तसाच ठेवलास. मला नको शिकवू.”

हे मात्र सुनेला लागलं. कारण खोटं असतं तर तिनं खोडून काढलं असतं.

“अहो,” काउंटरवाली म्हणाली. इतका वेळ ती किबोर्डवर हात ठेवून ऐकत होती, आणि ऐकत नसल्याचं सोंगही तिनं केलं नव्हतं. “घरची भांडणं घरी. तुमच्यामागं रांग आहे. आणा रे तो तपकिरी.”

मधलं दार उघडलं. एका मदतनिसानं दोरीनं बांधून मुकादमाला बाहेर आणलं. पोटाखाली चिखल, एका कानावर औषधाचा जांभळा डाग. त्यानं आधी गोदामवाल्याला बघितलं आणि शेपूट पायात घातली. मग त्याला सून दिसली. तो धावला नाही. लाजिरवाणं काही करून आल्यासारखा पोट जमिनीला घासत आला, तिच्या पायाशी बसला, आणि तिच्या हातांकडे बघत राहिला. हात का थांबलेत, म्हणून.

“ओळख बिळख दिसतेय, ते मला मान्य आहे,” काउंटरवाली म्हणाली. “पण ओळखीवर मी देऊ शकत नाही. नियम ऐका. मालक त्या घरातच राहत असेल तर त्याचं म्हणणं तेच घराचं म्हणणं. त्यानं सोडला म्हणजे घरानं सोडला. मग हा ह्यांना जाणार. पण मालक घर सोडून गेला असेल आणि जनावर मागं राहिलेल्यांनी सांभाळलं असेल, तर पहिला हक्क मागच्यांचा. मग हे कितीही साखळ्या आणू देत.”

“मी सकाळपासून उभा आहे,” गोदामवाला म्हणाला.

“उभे राहा. फुकट आहे.” ती सुनेकडे वळली. “तुम्ही म्हणालात, बाहेरगावी कामाला असतात. म्हणजे घर तेच. कायम पत्ता तोच. तसंच घालू ना?”

सुनेनं खाली मुकादमाकडे बघितलं.

किती सोपं होतं. दोन शब्द. आणि ती ते बोलू शकत नव्हती. काउंटरवाली समोर होती म्हणून नव्हे, त्या आडव्या माणसासाठीही नव्हे. मागच्या खुर्चीवर सासूबाई शाल पांघरून बसल्या होत्या म्हणून. घर सासूबाईंचं होतं. ती त्या घरात आली ती कुणाची तरी बायको म्हणून. तो कामाला गेलाय तोवर ती सून होती, सकाळचा चहा ठेवायचा तिचा हक्क होता, आणि टोमणे खायचाही. तो गेलाय म्हटलं की मग ती कोण? पडदे शिवणारी एक बाई, परक्याच्या पुढच्या खोलीत मशीन मांडून बसलेली. आणि आज, हातात हा पट्टा असताना, त्या परक्या म्हातारीशी तिचं नेमकं नातं काय उरत होतं?

“ते…” ती म्हणाली. “ते असतात…”

“असतात की नसतात?”

मुकादमानं तिच्या पायावर हनुवटी टेकली. गोदामवाल्यानं साखळीचा आकडा उघडून बघितला. आकड्याचा खटकन आवाज झाला, आणि मुकादम थरथरला. ते थरथरणं तिला पायातून थेट कळलं.

“बाई, मी घालतेय. कायम पत्ता तोच,” काउंटरवाली म्हणाली आणि बोट टेकवलं.

“थांबा!”

सासूबाई उठल्या होत्या. भोकाच्या खुर्चीचे हात धरून, एक गुडघा आधी, मग दुसरा. त्या काउंटरपाशी आल्या, आणि सुनेकडे न बघता त्यांनी तिच्या मुठीतला निळा पट्टा ओढून घेतला. मुकादमाच्या गळ्यात घालायला खाली वाकता येईना, तेव्हा तो तसाच काउंटरवर ठेवला, आकडे वर करून.

“हा नंबर घाला,” त्या म्हणाल्या. “आणि नाव हिचं. पत्ता माझ्या घराचा. घर माझ्या नावावर आहे. तिथं कोण राहतं आणि कोण नाही, हे मी सांगणार.”

“सांगा मग. कारण लागेल. तुमचा मुलगा तिथं राहतो की नाही?”

सासूबाईंनी एकदा दाराकडे बघितलं, बाहेरच्या. तिथून कुणीही आत येत नव्हतं.

“राहत नाही,” त्या म्हणाल्या. “बाहेरगावी नाही, कामाला नाही, आणि बढती तर मीच दिलेली. ह्याच गावात आहे, दुसरीच्या घरात. तो आम्हाला टाकून गेलाय. हिला टाकलं, ह्याला टाकलं.” आणि मग, सुनेकडे वळून, जणू तिनंच विचारलं होतं आणि ती उत्तराची वाट बघत होती, “मलाही टाकलं गं.”